दिवाणखान्यातली प्रार्थना, स्वयंपाकघरातली बाई

आखातातल्या ख्रिस्ती मंडळींत ‘देवाच्या सान्निध्यात जगणं’ हा विषय निघाला की एक आक्षेप हमखास येतो. तो थोडक्यात असा : ज्याची पाळी बारा तासांची, ज्याचे आणखी दोन तास कंपनीच्या बसमध्ये जातात, जो दुबईतल्या सोनापूरच्या कामगार कॅम्पात एका खोलीत सहा जणांबरोबर झोपतो आणि ज्याच्या डोक्यावर एजंटाला दिलेल्या पैशांचं कर्ज आहे, त्याला ‘क्षणोक्षणी देवाची जाणीव ठेव’ असं सांगणं ही क्रूर थट्टा आहे. ही चैन मठातल्या संन्याशाला परवडते, फार तर बिझनेस बेमध्ये एसीत बसणाऱ्या मॅनेजरला. कामगाराला आधी पगार वेळेवर मिळू दे, आठवड्याची सुट्टी मिळू दे, पासपोर्ट त्याच्या हातात राहू दे. मग देवाचं बोला. तोवर ‘देव तुझ्याजवळ आहे’ याचा अर्थ ‘तक्रार करू नकोस’ एवढाच.

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. त्यातला निम्मा भाग खराच आहे, आणि तो खरा ठरवणारी प्रवचनं मी वसईतही ऐकली आहेत, दुबईतही. पाहुणे उपदेशक येतात, हॉल भरतो. शेख झायेद रोडवर गाडी अडकली तर हॉर्न वाजवण्याऐवजी येशूचं नाव घ्या, बॉस ओरडला तर डोळे मिटून दीर्घ श्वास घ्या, मोबाइलवर दर तासाला घंटा लावून देवाला आठवा. मन शांत राहील, कामात लक्ष लागेल, बढतीचंही बघेल तो. लोक डोळे पुसत बाहेर पडतात. चार महिने पगार न मिळालेला माणूस त्याच गर्दीत मागे उभा असतो आणि त्यालाही हाच डोस मिळतो. अशा वेळी आक्षेप घेणाऱ्याचा संताप मला कळतो.

पण माझं भांडण दोघांशी आहे, कारण वरवर एकमेकांच्या उरावर बसलेले हे दोघे मुळात एकाच गोष्टीवर विसंबून आहेत. सान्निध्य म्हणजे मनाची एक छानशी अवस्था, असं दोघांनीही गृहीत धरलंय. उपदेशक म्हणतो, ती सगळ्यांना मिळते. आक्षेपक म्हणतो, ज्याला फुरसत त्यालाच मिळते. ख्रिस्ती परंपरा मात्र ज्याला देवाच्या सान्निध्यात जगणं म्हणत आली, ते आपल्या सगळ्या देण्याघेण्यासकट त्याच्या नजरेसमोर उभं राहणं आहे. तिथे कधी शांती मिळते, कधी घाम फुटतो. आणि त्याला फुरसत लागत नाही.

आधी ‘मठातली चैन’ तपासू. या विषयात ज्याचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं, तो ब्रदर लॉरेन्स सतराव्या शतकातला फ्रेंच माणूस. मूळ नाव निकोला हेर्मां. गरीब घरचा. सैन्यात गेला, पाय जायबंदी करून परतला. मग एका खजिनदाराकडे नोकर म्हणून राहिला. आपण धांदरट होतो, हातातली प्रत्येक वस्तू फोडायचो, असं तोच सांगायचा. 1640 मध्ये तो पॅरिसच्या कार्मेलाइट मठात शिरला, पण फादर म्हणून नव्हे, पडेल ते काम करणारा ब्रदर म्हणून. वर्षानुवर्षं स्वयंपाकघर सांभाळलं. पाय अगदीच साथ देईना तेव्हा चपला सांधायला बसवलं. स्वयंपाकाची त्याला मुळात आवड नव्हती, उलट तिटकाराच होता. मठासाठी दारू खरेदी करायला त्याला बर्गंडीला पाठवलं, तेव्हा लंगड्या पायाने बोटीवर चालता येईना म्हणून तो पिंपांवरून गडगडत इकडून तिकडे जायचा. व्यवहारातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं; हे काम तुझंच आहे, असं देवाला सांगून तो निघायचा. ही सगळी माहिती त्याच्याशी बोलून ज्याने टिपून ठेवली, तो जोझेफ द बोफोर हा पदवीधर, वरच्या वर्तुळातला पाद्री. खरकटी काढणाऱ्याकडे तो शिकायला जायचा, उलट नव्हे.

शांतीचं म्हणाल, तर लॉरेन्सची मठातली पहिली दहाएक वर्षं हालात गेली. आपला सर्वनाश ठरलेलाच आहे, अशी त्याची कितीतरी काळ खात्री होती. त्या काळातही तो देवासमोरून हलला नाही. मनाला बरं वाटतंय म्हणून तो तिथे उभा नव्हता. बरं वाटत नसतानाही उभा होता. ज्या उपदेशकांनी त्याला तणावमुक्तीचा आद्य प्रशिक्षक केलंय, त्यांनी ही दहा वर्षं वाचलेली दिसत नाहीत. आणि जे त्याला मठातला ऐषआरामी समजतात, त्यांनी त्याचा पाय पाहिलेला नाही.

‘तरीही,’ आक्षेपक म्हणेल, ‘बारा तास सळई बांधणाऱ्याने देवाचा विचार करायचा कधी?’ विचार करत बसायला कोणी सांगितलंय? इथला कुठलाही मराठी माणूस लुलू सुपरमार्केटमध्ये सामान घेताना बघा. भारी चॉकलेटचा डबा हातात घेतो, किमतीची चिठ्ठी वाचतो आणि परत ठेवतो. त्या क्षणी तो वसईतल्या किंवा नगरमधल्या लेकीचं चिंतन करत नसतो. पण महिनाअखेरीला तिची फी जायची आहे, आणि त्याचा एकेक दिरहम तिला समोर ठेवून मोजला जातो. ती तिथे नाही, तरी त्याचा सगळा व्यवहार तिच्या समक्ष चालतो. त्यासाठी त्याला घंटा लावावी लागत नाही. देवाच्या सान्निध्यात जगणं याच जातीचं आहे. लक्ष कामावरच असतं. काम कोणासमोर चाललंय, हे मात्र ठरलेलं असतं.

मिनिटं मोजण्याचा प्रयोगही एका माणसाने करून पाहिला आहे, आणि त्याच्यावर अन्याय नको. फ्रँक लॉबाख हा अमेरिकन मिशनरी 1930 मध्ये फिलिपिन्सच्या मिंदानाओ बेटावर, लानाओ सरोवराच्या काठी मोरो मुसलमानांमध्ये राहत होता. दर मिनिटाला एकदा तरी देवाची आठवण राहावी म्हणून तो स्वतःशी झगडायचा. पुढे त्याने त्याचा एक खेळही तयार केला, आणि आजच्या घंटावाल्यांचं मूळ बहुधा तिथेच आहे. पण त्या झगड्यातून तो ज्या कामाला लागला, ते काम घंटावाले सांगत नाहीत : मोरो लोकांना त्यांच्याच भाषेत वाचायला शिकवणं. शिकलेल्याने आणखी एकाला शिकवायचं, ही त्याची साक्षरतेची पद्धत पुढे कितीतरी देशांत पोचली. मिनिटांचा हिशेब मागे पडला. निरक्षर माणसाला सावकाराच्या कागदावर काय लिहिलंय ते कळणं, ही गोष्ट उरली.

आता आखाताबद्दल. पोप फ्रान्सिस फेब्रुवारी 2019 मध्ये अबू धाबीला आले. अरबी द्वीपकल्पावर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. 5 तारखेला झायेद स्पोर्ट्स सिटीत जी मिस्सा झाली, तिला सुमारे 1,80,000 माणसं होती. त्यातली बहुसंख्य परदेशातून पोटासाठी आलेली : केरळी, फिलिपिनो, गोवेकर, मंगळुरी, श्रीलंकन, आणि आपल्यातलेही. घरापासून लांब राहणं सोपं नाही, हे पोपनी आडपडदा न ठेवता मान्य केलं. मग त्यांनी इजिप्तच्या वाळवंटातल्या संत अँथनीची आठवण सांगितली. दीर्घ काळ अंधाराशी झुंजून दमलेला अँथनी शेवटी देवाला विचारतो, इतका वेळ होतास कुठे? उत्तर येतं की तो तिथेच होता. या गोष्टीतलं मर्म हे की झुंज चालू असताना अँथनीला काहीही जाणवलं नव्हतं. सान्निध्य होतं, जाणीव नव्हती. जाणवतंय तेवढंच खरं, असं मानणाऱ्यांना या गोष्टीत जागा नाही.

त्याच प्रवचनात पोपनी आणखी एक संदर्भ दिला. असिसीचे संत फ्रान्सिस 1219 मध्ये सुलतान अल-कामिलला भेटले, त्याला तेव्हा आठशे वर्षं होत होती. मुसलमानांमध्ये जाऊन राहणाऱ्या आपल्या बंधूंना त्या संताने सांगून ठेवलं होतं की वादावादी करू नका, देवासाठी सगळ्यांच्या सेवेत राहा. अमिरातीत मुसलमानांमध्ये धर्मप्रसाराला कायद्याने मनाई आहे. म्हणजे इथल्या ख्रिस्ती माणसाकडे आपली श्रद्धा दाखवायला तोंड उरत नाही, वागणूक उरते. ती कशी आहे, एवढाच प्रश्न.

इथे आक्षेपाचा गाभा येतो : देव जवळ आहे, असं सांगून गरिबाला गप्प बसवलं जातं. याचं उत्तर बायबलमधल्या एका बाईकडे आहे. हागार, इजिप्तहून आलेली, अब्राहामाच्या घरातली दासी. परमुलखात, दुसऱ्याच्या घरात राबणारी. तिचं शरीरही मालकांच्या सोयीचं. उत्पत्तीच्या 16 व्या अध्यायात अब्राहाम आणि त्याची बायको सारा तिच्याविषयी बोलतात ते ‘दासी’ म्हणूनच. तिला नावाने पहिली हाक मारतो तो वाळवंटातल्या झऱ्यापाशी भेटलेला देवदूत. छळाला कंटाळून ती पळालेली असते. आणि तिथे ही पळालेली कामवाली देवाला नाव देते : मला पाहणारा देव. देवाच्या नजरेसमोर असणं म्हणजे काय, ते बायबलात इतक्या स्वच्छपणे प्रथम कळलं, ते ना कुलपतीला, ना याजकाला. ते घरकाम करणाऱ्या परदेशी बाईला कळलं. इस्लाममध्येही हागारचं, म्हणजे हाजराचं, स्थान केवढं मोठं आहे! हज करणारा प्रत्येक जण सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या तिच्या धावपळीची आठवण पायाने चालून करतो. आपण ज्या मुलखात नोकरी करतो, तिथला शेजारी या बाईला ओळखतो. ओळख विसरलोय ते आपण.

चाणाक्ष आक्षेपक इथे मला अडवेल, आणि त्याने अडवावंच : तोच देवदूत तिला मालकिणीकडे परत जायला सांगतो. झालं की नाही ‘तक्रार करू नकोस’? हा भाग बोचतो, आणि कोणत्याही गोड स्पष्टीकरणाने त्याचं टोक बोथट होत नाही. पण गोष्ट तिथे संपत नाही. ती परत जाते ती वचन घेऊन : तुझी संतती मोजता येणार नाही इतकी होईल. असं वचन त्या कथेत अब्राहामाला मिळालं होतं, आता ते त्याच्या दासीला थेट मिळतं, मालकाच्या मध्यस्थीशिवाय. पाच अध्यायांनंतर त्याच घरातून तिला तिच्या पोरासह भाकरी आणि पाण्याची पखाल देऊन बाहेर काढतात. पाणी संपतं. पोराला झुडपाखाली टाकून ती लांब जाऊन बसते. या वेळी देव तिला परत जा म्हणत नाही. विहीर दाखवतो. तिथून पुढे हागार कोणाची दासी नाही. ज्याला पूर्ण कथा सांगायची आहे, त्याने ती पहिल्या झऱ्यापाशी थांबवू नये.

आणि बायबलात मजुरीचंही आहे. मजुराचे पैसे सूर्य मावळायच्या आत द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यावर टांगलेला आहे, हे अनुवादाच्या 24 व्या अध्यायात येतं. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय त्याहून कडक : शेतमजुरांची बुडवलेली मजुरी स्वतःच आक्रोश करते आणि तो देवाच्या कानी जातो. म्हणजे देव जवळ आहे याचा बायबलातला अर्थ, थकवलेला पगार त्याला ऐकू येतो. हे वाक्य ऐकून कामगार गप्प बसेल की मालकाची झोप उडेल, ते ज्याचं त्याने ठरवावं.

आता आपल्या घरी येऊ. शारजातल्या एका फ्लॅटमधली प्रार्थनासभा. दाराबाहेर पंचवीसएक चपला-बूट, आत जमिनीवर चादरी, गिटार, मराठी आणि कोंकणी गाणी. त्या संध्याकाळचा विषय होता देवाचं सान्निध्य. स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटलेलं, वास बाहेर येऊ नये म्हणून. आत आंध्रातल्या गोदावरी जिल्ह्यांतली एक बाई कटलेट तळत होती. तीही ख्रिस्तीच, गळ्यात क्रूस. दिवाणखान्यात सगळे डोळे मिटून ‘प्रभू, तू इथे आहेस’ म्हणत असताना घरमालकीण दोनदा उठून आत गेली : चहा कमी साखरेचा ठेव, पेपर नॅपकिन वरच्या कपाटात आहेत. ये, दोन मिनिटं बस, असं कोणी म्हणालं नाही. नंतर बाईने आपला चहा ओतला तो सिंकखालच्या कपाटातल्या स्टीलच्या ग्लासात. बाकी सगळ्यांचे कप चिनी मातीचे, वरच्या फळीवर.

तो ग्लास बघून मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलंय त्यांना ठाऊक आहे की पती नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर या बाईने सोवळं किती घट्ट धरून ठेवलं होतं. ते सुटलं तेही त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा होण्याआधीच, आणि चर्चच्या बाकावर नव्हे, खाण्यापिण्याच्या रोजच्या व्यवहारात. माणसामाणसांत वरखाल देवाने केलेली नाही, हे एकदा पटल्यावर कोणाच्या हातचं पाणी चालतं, या प्रश्नाचं उत्तर बदललं. मराठी ख्रिस्ती माणसाला देव समोर असल्याचं याहून जवळचं उदाहरण मला माहीत नाही. ते पाण्याच्या भांड्यापाशी घडलं. शंभर वर्षांनंतर आपण आखातात येऊन निराळा ग्लास पुन्हा कपाटात ठेवत असू, तर दिवाणखान्यातल्या गिटारचं काय करायचं?

कोणी म्हणेल, यासाठी देव कशाला, कायदा आहे की. आहे, आणि तो पाळलाच पाहिजे. अमिरातीत पगार बँकेमार्फत देण्याची व्यवस्था 2009 पासून आहे. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करवून घ्यायला बंदी आहे. घरकामगारांसाठीच्या 2022 च्या कायद्याने आठवड्याला एक पगारी सुट्टी, दिवसाला बारा तासांची विश्रांती, वर्षाला तीस दिवसांची रजा दिली आहे. पासपोर्ट कामगाराकडेच राहायला हवा, असंही त्यात आहे. पण बांधकामावर निरीक्षक जातो, तितक्या सहज तो तुमच्या-आमच्या फ्लॅटमध्ये येत नाही. बंद दारामागे कायदा पाळला जातोय की नाही, हे बहुतेक वेळा फक्त दोघांना माहीत असतं, राबवणाऱ्याला आणि राबणारीला. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते, तिथे तिसरा एक बघणारा आहे. उपदेशक या तिसऱ्याला मनःशांतीसाठी बोलावतो आणि आक्षेपक त्याला फालतू समजतो. मला तो त्या दारामागे हवा आहे, कारण तिथे दुसरं कोणी नाही.

आणि ‘देव सगळीकडे आहे, मग चर्चला कशाला’ हे पालुपद. ते बहुतेक ज्याला चर्च गाडीने वीस मिनिटांवर आहे तोच आळवतो. 2022 पर्यंत अमिरातीत रविवार कामाचा दिवस होता. इथले ख्रिस्ती वर्षानुवर्षं प्रभूचा दिवस शुक्रवारी पाळत आले. ऊद मेथाच्या सेंट मेरीज चर्चच्या आवारात 1967 पासून किती पिढ्यांनी असे शुक्रवार काढले! ज्या बाईला महिन्यातून एकदा दोन तासांची मोकळीक मिळते, ती त्यातला बराचसा वेळ जाण्यायेण्यात घालवून तिथे पोचते. देव स्वयंपाकघरातही आहे हे तिला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी ती जाते, कारण तिथे तिला कोणी नावाने हाक मारतं. सगळीकडे असलेल्या देवाचं निमित्त करून तिची सुट्टी कापणारा माणूस भक्त नाही, कंजूस आहे.

सान्निध्याने माणूस थंड पडतो, हा समज तर आपल्याच मुलखात खोटा ठरलाय. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वेदीवर मिस्सा सांगायचे, ‘सुवार्ता’चं संपादन करायचे, बायबलचं सुबोध मराठी करायचे आणि वसई हिरवी राहावी म्हणून आंदोलनातही उतरायचे. ही चार माणसं नव्हती.

तेव्हा आक्षेप घेणाऱ्याला माझं म्हणणं असं. कामगाराला सान्निध्याचा उपदेश करू नका, हे तुमचं मला पूर्ण मान्य. लॉरेन्स आणि हागार बघितल्यावर तो त्याला करायची गरजही दिसत नाही. त्याच्याकडून ऐकायची दिसते. पण म्हणून हा विषयच बंद करा, हे मान्य नाही. तो पत्ता बदलून पाठवा. ज्याच्या ड्रॉवरमध्ये दुसऱ्याचा पासपोर्ट आहे, ज्याच्या वहीत कोणाचे तरी तीन महिने थकलेत, ज्याच्या घरात एक ग्लास वेगळा आहे, त्याच्यासमोर हा विषय काढा आणि तो गाण्यात विरघळू देऊ नका. पुढची प्रार्थनासभा ज्या घरी असेल, तिथे पहिलं गाणं सुरू करण्याआधी यजमानांना एवढंच विचारा : तुमच्या बाईची सुट्टी कोणत्या वारी असते? उत्तर द्यायला त्यांना स्वयंपाकघराकडे बघावं लागलं, तर त्या दिवसाचं प्रवचन तिथूनच सुरू करावं.